कार्डावर सोळा, प्रत्यक्षात नऊ

पत्राचा सारांश

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा हा विद्यार्थी दोन वर्षांपासून एका भक्ती-निवासात राहतो. कॉलेजची वीसेक मुलं, पहाटे साडेचारला मंगल आरती, रोज १६ माळा जप, रात्री गीता-भागवताचा वर्ग, आणि दिवसभर इतरांसारखंच कॉलेज. पहिलं वर्ष 'आयुष्यातलं सगळ्यात छान' गेलं. यंदा त्याला पहिल्या वर्षाच्या सहा मुलांचा इनचार्ज केलं आहे. त्यांना पहाटे उठवायचं, त्यांची साधना कार्डं (रोजच्या जपाची, उठण्या-झोपण्याची नोंद) तपासायची, अडीअडचणी ऐकायच्या. पण त्याचा स्वतःचा जप सुकला आहे. आठ-नऊ माळांवर गाडी थांबते आणि कार्डावर तो १६ लिहितो. चार महिने असंच चाललं आहे. एका विषयात केटी लागली आहे, म्हणजे तो विषय राहिला आहे आणि पुन्हा द्यायचा आहे. ती घरी सांगितलेली नाही. आईवडील नातेवाइकांना अभिमानानं सांगतात, आमचा मुलगा बघा, कुठलं व्यसन नाही, वाईट संगत नाही. निवासातले मोठे प्रभुजी विचारतात, डिग्रीनंतर पूर्णवेळ येशील का? मागच्या महिन्यात एका ज्युनियरनं रात्री येऊन विचारलं, 'मला हे झेपत नाहीये, सोडून गेलो तर देव रागावेल का?' यानं पाठ असलेलं उत्तर दिलं आणि मग रात्रभर स्वतःच जागा राहिला. तो लिहितो, 'गीतेतला मिथ्याचारी तो मीच. बाहेर पडलो तर देव सोडल्यासारखं होईल, राहिलो तर रोज खोटं जगावं लागेल. मी काय करू?'

उत्तर

वयाचा फायदा घेऊन तुला 'तू' म्हणते. तुझ्या पत्रात 'ढोंगी' हा शब्द पानापानावर आहे. पण पत्राच्या मधोमध एक वाक्य तू जाता जाता टाकलं आहेस, 'वर्ग, मुलांशी बोलणं, सेवा सगळं आटपून झोपायला बारा होतात, पावणेचारला उठतो.' म्हणजे पावणेचार तास झोप. रोज. त्यावर लेक्चर्स, प्रॅक्टिकल, सबमिशन, आणि सहा पोरांची काळजी. तुझ्या वयाच्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते असं वैद्यक सांगतं. तू त्याच्या निम्म्यावर आहेस.

जप करताना डोळे मिटतात, मंत्राचे शब्द एकमेकांत मिसळतात, बोट कुठल्या मण्यावर आहे ते कळत नाही, आणि मधेच दचकून जाग येते तेव्हा माळ मांडीवर पडलेली असते. हे सगळं तू श्रद्धा आटल्याची लक्षणं म्हणून लिहिलं आहेस. मला त्यात झोपेची थकबाकी दिसते. सगळी झोपेचीच आहे असं म्हणत नाही. पण त्यात झोपेचा वाटा किती आणि श्रद्धेचा किती, हे झोप पुरी झाल्याशिवाय तुला काय, कुणालाच सांगता येणार नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात एकाच श्लोकात दोन्ही सांगितलं आहे, की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही. तुमच्या वर्गात त्यातला पहिलाच भाग जास्त वाचला जात असावा.

तेव्हा पहिलं काम अगदी अनाध्यात्मिक आहे. पंधरा दिवस किमान साडेसहा-सात तास झोप. मंगल आरतीला जायचं असेल तर रात्री नऊला अंथरुणात. ते जमत नसेल तर पंधरा दिवस मंगल आरती नाही. परीक्षेच्या काळात किंवा आजारपणात ही सवलत मिळतेच ना? मग ती आत्ता माग. या पंधरा दिवसांत कसलाही मोठा निर्णय घेऊ नकोस. न झोपलेल्या माणसाला सगळंच शेवटचं वाटतं.

आता कोरडेपणाबद्दल. आत काहीच हलत नाही, नाम घेतो पण ओढ वाटत नाही, आणि म्हणून आपण खोटे, असं तू धरून चालला आहेस. ज्या परंपरेत तू बसतोस तिच्या मुळाशी जाऊन बघ. बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभूंनी (१४८६ ते १५३४) स्वतः लिहिलेलं म्हणून जे मानलं जातं ते जेमतेम आठ श्लोक, शिक्षाष्टक. त्यातल्या दुसऱ्याच श्लोकात ते देवाला म्हणतात, तू तुझी इतकी नावं दिलीस, त्यांत तुझी सगळी शक्ती ठेवलीस, ती घ्यायला काळवेळेचं बंधनही ठेवलं नाहीस, आणि माझं दुर्दैव असं की मला त्यांची गोडीच लागत नाही. कीर्तनानं अख्खा प्रदेश हलवणाऱ्या माणसाचे हे शब्द. आणि आपल्याकडच्या संतांनी तर देवाशी चक्क भांडणं केली आहेत. कोरडं वाटणं हे या वाटेवरचं नेहमीचंच ठिकाण आहे. तिथं पोचलास म्हणून तू ढोंगी ठरत नाहीस. 'मिथ्याचारी' ज्याला म्हटलंय तो बाहेरून इंद्रियं आवरून मनात विषयांचं चिंतन करत बसलेला असतो. तुझ्या मनात जपाच्या वेळी काय असतं? झोप आणि केटी. एवढ्यावर मिथ्याचारी ठरायला लागलं तर हॉस्टेलंच्या हॉस्टेलं ठरतील.

कार्डावरच्या खोट्या आकड्याला मात्र मी असं सोडणार नाही, कारण तिथं खरंच काहीतरी बिघडलं आहे.

आधी त्या १६ बद्दल. हा आकडा आला कुठून, हे तुला माहीत असेलही. इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी १९६५ साली अमेरिकेत गेले, १९६६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याभोवती जी पोरं जमली त्यांना जपाचं काही ठाऊक नव्हतं. स्वामींच्या गुरूंच्या मठांत ६४ माळांची रीत होती. ते या पोरांना शक्यच नव्हतं, त्याहून कमी सांगितलं तेही जड गेलं, तेव्हा स्वामी १६ वर आले. एका माळेत १०८ मणी, म्हणजे १६ माळांना १,७२८ वेळा 'हरे कृष्ण' महामंत्र. सवय असलेल्याला साधारण दोन तास लागतात. म्हणजे समोरच्या माणसाला किती झेपेल ते बघून ठरलेला हा आकडा आहे. तो पाळायचं वचन ज्यानं दीक्षा घेताना दिलं त्याच्यासाठी तो वचन आहेच. तू दीक्षा घेतलेली नाहीस असं पत्रात आहे. तुझ्यापुरता तो अजून निवासाचा नियम आहे. नियमात बसत नसेल तर तसं सांगता येतं.

मग तू सांगितलं का नाहीस? देवाला फसवायला? तुझ्या श्रद्धेप्रमाणे त्याला कार्ड लागतच नाही. तू १६ लिहितोस ते कार्ड वाचणाऱ्या प्रभुजींसाठी, आणि त्याहून जास्त त्या सहा मुलांसाठी, कारण इनचार्जच्या कार्डावर ९ दिसले तर काय, ही भीती. साधना कार्डाची कल्पना मुळात वाईट नाही. उठण्याची वेळ, माळा, वाचन, श्रवण, झोपण्याची वेळ असे रकाने रोज भरले की माणसाला आपला दिवस दिसतो. पण तेच कार्ड आठवड्याला दुसऱ्यानं तपासायचं, गुण धरायचे, सगळ्यांसमोर नाव घ्यायचं, असं झालं की हळूहळू रकान्यासाठी जप सुरू होतो. तपासणारा तूच आहेस, तेव्हा तुला हे माझ्याहून चांगलं कळत असणार. त्या सहा कार्डांवरचे सगळे १६ तुला खरे वाटतात का?

उद्यापासून खरा आकडा लिही. ९ तर ९, ४ तर ४, शून्य तर शून्य. शाईनं. गेल्या चार महिन्यांची कार्डं दुरुस्त करत बसायची गरज नाही. आणि जेवढ्या माळा होतील तेवढ्या जाग्या डोळ्यांनी. बाराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला पायऱ्या उतरत उतरत सांगतो ते आठव. मन माझ्यात स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यासानं प्रयत्न कर. तेही होत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही झालं तर कर्माचं फळ सोड. तीन वेळा 'जमत नसेल तर' म्हणतो तो. सांगणाराच जिथं इतकी सूट देतो तिथं तू 'सगळं नाहीतर काहीच नाही' कुठून आणलंस? मला वाटतं, ते तू परीक्षेच्या जगातून आणलं आहेस. पास किंवा केटी.

आता खरा गुंता. तुझ्या पत्रात भक्ती, निवास आणि इनचार्जपण ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तू तिघांना एकच समजून बसला आहेस. 'बाहेर पडलो तर' असं लिहितोस तेव्हा तिन्ही एकदम सुटतात, 'राहिलो तर' म्हणतोस तेव्हा तिन्ही एकदम गळ्यात पडतात. पण यातलं कुठलंही एक ठेवून दुसरं सोडता येतं. इनचार्जपण सोडून निवासात राहता येतं. निवास सोडून भक्ती ठेवता येते, जगातले बहुतेक भक्त तशीच करतात. निवासात राहून, काही काळ जप कमी करून, नुसतं वर्गाला बसून, आवडीची सेवा करूनही राहता येतं. निदान राहता यायला हवं. ते येतं की नाही यावरून तुझं निवास कसं आहे ते कळेल.

माझं मत विचारशील तर सगळ्यात आधी इनचार्जपण खाली ठेव. या आठवड्यात. तू वाईट इनचार्ज आहेस म्हणून नव्हे. पत्र वाचून उलटच वाटतं, त्या मुलांची तुला खरी काळजी आहे. पण स्वतःला झेपत नाही ते सहा जणांकडून करवून घेणं हे तुला आतून पोखरतंय, आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं असतं. त्याला तुझा ठसठशीत १६ दिसतो आणि त्याला वाटतं, दादाला जमतं, मलाच जमत नाही.

कसं सांगशील? मोठ्या प्रभुजींना एकटं गाठ. वर्गानंतर घोळक्यात नको, मेसेजवर तर नकोच. आणि फार प्रस्तावना नको. 'प्रभुजी, चार महिने माझ्या माळा पूर्ण होत नाहीत. कार्डावर मी खोटं लिहितोय. झोप होत नाही, एक केटी आहे. या सेमिस्टरपुरती मुलांची जबाबदारी दुसऱ्या कुणाला द्या. मला राहायचं आहे की नाही ते मी सेमिस्टर संपल्यावर सांगेन.' एवढंच. मग गप्प बस आणि ते काय म्हणतात ते ऐक.

त्यांचं उत्तर नीट लक्षात ठेव, कारण तुझ्या पुढच्या निर्णयाचा निम्मा भाग त्यात आहे. पहिला प्रश्न 'झोप का होत नाही? कुठला विषय राहिलाय?' असा आला, तर तू बऱ्या ठिकाणी आहेस. ते थोडे रागावले, खोटं लिहिल्याबद्दल दोन शब्द बोलले, तरी हरकत नाही. रागवायचा हक्क आहे त्यांना. पण 'हे कुणाला सांगू नकोस, मुलांवर परिणाम होईल, कार्ड चालू ठेव' असं आलं, किंवा तुझी कबुली दुसऱ्या दिवशी वर्गात उदाहरण म्हणून आली, किंवा 'ही माया आहे, सेवा वाढव' एवढंच आलं, तर तिथं माणसापेक्षा आकडा मोठा झाला आहे. अशा जागी सेमिस्टर संपेपर्यंत दिवस काढायचे आणि शांतपणे निघायचं.

निघणं म्हणजे देव सोडणं, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे म्हणून तुमच्याच परंपरेतली एक गोष्ट सांगते. रघुनाथ दास सप्तग्रामच्या बड्या जमीनदाराचा मुलगा. तरुणपणी त्याला घर नको झालं, सारखा पळून जायचा, घरच्यांनी पहारे बसवले. शांतिपूरला तो चैतन्य महाप्रभूंना भेटला तेव्हा त्यांनी त्याला ठेवून घेतलं नाही. म्हणाले, शांत हो आणि घरी जा, वेड्यासारखं करू नकोस. माणूस क्रमाक्रमानंच भवसागराच्या काठाला लागतो. आणि पुढे म्हणाले, लोकांना दाखवायला मर्कटवैराग्य, म्हणजे माकडासारखं वरवरचं वैराग्य, करू नकोस. महाप्रभूंच्या चरित्रग्रंथात, चैतन्य चरितामृतात, मध्यलीलेच्या सोळाव्या अध्यायात हे आलं आहे. वाच जाऊन. हाच रघुनाथ पुढे वेळ आल्यावर पुरीला गेला, महाप्रभूंनी त्याला आपल्या निकटच्या स्वरूप दामोदरांच्या हाती सोपवलं, आणि वृंदावनच्या सहा गोस्वामींत, म्हणजे या परंपरेच्या थोर आचार्यांत, त्याचं नाव झालं. नियमाच्या बाबतीत तर तो इतका कडक की त्याचे नियम दगडावरच्या रेघेसारखे होते असं लिहून ठेवलंय. असल्या माणसालाही एकदा 'घरी जा' सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारे खुद्द महाप्रभू होते.

राहायचं की जायचं, हे तू सेमिस्टर संपल्यावर ठरव, असं मी म्हणते त्याला साधं कारण आहे. सेमिस्टरच्या मध्यात खोली शोधणं, डिपॉझिट, सामान, घरच्यांचे प्रश्न यात केटीचा विषय पुन्हा जाईल. त्यापेक्षा आत्ता जबाबदारी उतरव, झोप वाढव, खरा आकडा लिही आणि परीक्षा दे. मग सुट्टीत घरी जा आणि तिथं बघ, कुणी उठवत नसताना, कुणी कार्ड मागत नसताना, तू माळ हातात घेतोस का. घेतलीस तर किती वेळ, आणि कशी. आठवडाभर नाही घेतलीस तरी घाबरू नकोस, थकलेला माणूस आधी झोपतोच. पण त्या दिवसांत निवासातलं तुला नेमकं काय आठवतं ते टिपून ठेव. कीर्तन आठवतं? मित्र आठवतात? रात्रीचा वर्ग? की तिथं मिळणारा मान? पहिल्या वर्षी तुला तिथं जे छान वाटलं ते खोटं नव्हतं. त्यातलं किती देवाचं होतं आणि किती पहिल्यांदाच सवंगडी मिळाल्याचं, हे वेगळं करून बघायला हरकत नाही. दोन्ही चांगलंच आहे. नुसत्या मैत्रीसाठी राहतोय असं निघालं तरी त्यात लाज नाही. फक्त मग ते स्वतःला माहीत असावं.

त्या ज्युनियरकडे मात्र सुट्टीची वाट न बघता जा. तुझी सगळी कहाणी त्याला ऐकवायला नको, तो अठराचा आहे, तुझं ओझं त्याच्या डोक्यावर नको. एवढंच सांग की त्या रात्री मी तुला पाठ केलेलं उत्तर दिलं. मलाही १६ होत नाहीत. देव रागावतो की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तू गेलास तर मी रागावणार नाही, आणि कॉलेजात भेटलास तर तोंड फिरवणार नाही. त्याला जायचं असेल तर घरच्यांशी बोलायला आणि सामान न्यायला मदत कर. आणि तो नीट जेवतो-झोपतो का, लेक्चरला जातो का, एकटा एकटा राहतो का, हे बघ. नुसतं 'झेपत नाही' न म्हणता 'जगावंसं वाटत नाही' असं काही त्याच्या तोंडून आलं, तर ते साधनेच्या चर्चेत घालवायचं नाही. त्याला एकटं सोडू नकोस, घरी कळव, डॉक्टरांकडे ने. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथं कधीही फोन करता येतो. हे तुझ्यासाठीही लिहिते आहे.

आईवडिलांचं प्रकरण मला वाटतं तेवढं अवघड नाही, तूच त्याला अवघड केलं आहेस. ते नातेवाइकांत तुझं कौतुक करतात, त्यामुळे निवास सोडलं तर त्यांचं नाक कापलं जाईल असं तुला वाटतं. त्यांना अभिमान आहे तो तू सरळ मार्गी आहेस याचा. खोली बदलल्यानं ते बदलत नाही. त्यांना खरं लागेल ते केटी लपवल्याचं. तेव्हा आधी केटी सांग, निवासाचा विषय नंतर. दोन्ही एका फोनमध्ये सांगितलंस तर ते 'त्या भजनापायी नापास झाला' असा हिशेब मांडून मोकळे होतील. मग तुझ्या नऊ माळाही जातील आणि पुढे दहा वर्षं तुला देवाचं नाव घरात काढता येणार नाही. केटी तुझी आहे, विषय कुठला, परत कधी देणार, तयारी कशी चालू आहे, हे सगळं एका दमात सांग. वडील दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. तिसऱ्या दिवशी विचारतील, पुस्तकं आहेत ना?

हे सदर वाचणाऱ्यांत अशा निवासात जायचा विचार करणारी मुलंमुली असतील, त्यांचे पालकही असतील. त्यांच्यासाठी थोडं. अशी निवासं वाईट असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. घरापासून लांब, पहिल्यांदाच मोकळं सुटलेलं असताना वेळेवर उठणारे, व्यसन नसलेले, एकत्र गाणारे सोबती मिळणं ही मोठी गोष्ट आहे. एकत्र राहून भक्तिमार्गाचं शिक्षण घेण्याची रीतही आपल्याला नवी नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून चालू आहे. फक्त तिथं मुलगा तेच शिकायला जातो आणि कॉलेजच्या मुलाला दोन अभ्यासक्रम एकाच शरीरानं पुरे करायचे असतात. तेव्हा जायच्या आधी तिथल्या माणसांना साधे प्रश्न विचारा. परीक्षेच्या महिन्यात वेळापत्रक बदलतं का? आजारी पडलं तर पहाटे कोण उठवतं आणि कोण झोपू देतं? घरच्या लग्नाला, सणाला जायला परवानगी मागावी लागते की नुसतं कळवायचं? पैसे किती, कशाचे, पावती मिळते का, मधेच सोडलं तर काय परत मिळतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: इथून सोडून गेलेल्या दोघांशी मला बोलायचंय, त्यांचे नंबर द्याल का? ज्या जागेत सोडून गेलेली मुलं अजून उत्सवाला येतात, जुन्या खोलीत डोकावतात, ती जागा बहुधा चांगली असते. सोडून गेलेल्याचं नाव जिथं आवाज खाली करून घेतात तिथं जरा थांबून विचार करा.

पालकांना एवढंच की मुलगा देवाधर्माला लागला म्हणून निर्धास्त होऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. एकदा जाऊन दिवसभर राहून या. जेवायला बसा, पहाटे उठा, त्याची खोली बघा. आणि फोनवर 'जप झाला का' याच्या आधी 'झोपलास का' विचारा.

राहिला पूर्णवेळ येण्याचा प्रश्न. तू त्यावर पत्रात दीड ओळ लिहिली आहेस, पण मला तो सर्वात घाईचा वाटतो, कारण तो तुला अशा वेळी विचारला जातोय जेव्हा तू अपराधी वाटून घेतोस. अपराधी माणूस भरपाई म्हणून फार मोठे होकार देतो. चार महिने खोटं लिहिलं, आता आयुष्य देऊन टाकतो, असला हिशेब मनात येईल. तो येतोय हे ओळख. भक्तिवेदांत स्वामींनी संसार केला, औषधांचा धंदा केला, १९५९ मध्ये, साठी उलटल्यावर संन्यास घेतला, आणि अमेरिकेत उतरले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. तुला विशीत घाई करायचं कारण नाही. डिग्री हातात येईपर्यंत, आणि त्यानंतर निदान वर्षभर स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या खोलीत राहून होईपर्यंत या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. तेवढं करूनही ओढ टिकली तर आनंदानं जा, मी अडवणारी कोण? पुन्हा विचारलं तर 'आत्ता नाही, डिग्रीनंतर वर्षभरानं बोलू' एवढंच म्हण, आणि तेच वाक्य दर वेळी म्हण. त्यावर वाद घालू नकोस, कारणं देऊ नकोस, लेखी तर काहीच देऊ नकोस.